केसिंग माउसने फिरवताना: त्रिमितीय दर्शकाच्या प्रकल्प नोंदी

४ ऑगस्ट २०२५

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यासाठी ब्राउझरमध्ये चालणाऱ्या त्रिमितीय दर्शकाचे, म्हणजे वस्तूचे त्रिमितीय चित्र दाखवणाऱ्या प्रोग्रामचे, काम आजपासून हाती घेतले. कारखान्यात पंपांची बिडाची केसिंग (बाहेरची कवचे) मशीनिंगसाठी येतात. डिझाइन विभागाकडे कॅडचे परवाने आहेत; तपासणी विभाग, स्टोअर आणि बाहेरची फाउंड्री यांच्याकडे ते नाहीत, आणि जॉब, म्हणजे मशीनिंगसाठी आलेला भाग, चारी बाजूंनी पाहता यावा एवढ्यासाठी प्रत्येक संगणकावर महागडे सॉफ्टवेअर बसवायला कोणी तयार होणार नाही. एक जुना दर्शक कारखान्यात वापरात आहे. त्यात जॉब दिसतो, लहानमोठाही होतो, परंतु फिरवायला गेले की लोक वैतागतात. त्यामुळे या टप्प्यात फाइल उघडणे, मापे दाखवणे वगैरे भागांना हात लावायचा नाही आणि माउसने जॉब फिरवणे एवढाच विषय नीट सोडवायचा, असे ठरले आहे.

चाचणीसाठी एक केसिंग निवडले: गोगलगाईसारखे वळत जाणारे व्हॉल्यूट, समोर सक्शन फ्लँज (पाइप जोडण्याची चकतीसारखी कड), वर डिलिव्हरी फ्लँज, खाली दोन पाय आणि पोटाशी ड्रेन प्लगचे तिरपे भोक. असा जॉब मुद्दाम घेतला, कारण नुसत्या शाफ्टसारखा गोल जॉब कसाही फिरवला तरी खपून जातो. फाइल बायनरी एसटीएल स्वरूपात, म्हणजे जॉबचा पृष्ठभाग छोट्या त्रिकोणांनी मांडणाऱ्या स्वरूपात, असून तिच्यात साधारण ३ लाख त्रिकोण आहेत. या स्वरूपात ८० बाइटांचे शीर्षक, ४ बाइटांत त्रिकोणांची संख्या आणि पुढे प्रत्येक त्रिकोणाला ५० बाइट असा हिशेब असल्याने फाइल १५ मेगाबाइटांच्या आसपास जाते. आजच्या साध्या संगणकालाही हे जड नाही, म्हणजे तक्रारीचे मूळ वेगात नाही.

अडचण मुळातच आहे. माउस दोनच आकडे देतो, आडवे सरकणे आणि उभे सरकणे. वस्तूची अवकाशातील दिशा सांगायला मात्र तीन आकडे लागतात. घन वस्तूचा एक बिंदू स्थिर ठेवून ती कशीही फिरवली, तरी तिची सुरुवातीची आणि शेवटची स्थिती एकाच अक्षाभोवतीच्या एकाच फेऱ्याने जोडता येते, हे गणितज्ञ ऑयलर यांनी अठराव्या शतकातच दाखवून दिले होते. त्या अक्षाची दिशा सांगायला दोन आकडे आणि कोनाला एक, असे तीन होतात. दोन आकड्यांतून तीन कसे काढायचे याची उत्तरे अनेक आहेत आणि प्रत्येक उत्तरात कशाचा तरी बळी जातो.

६ ऑगस्ट

जुन्या दर्शकाची पद्धत वाचून काढली. माउस आडवा सरकला की जॉब पडद्याच्या उभ्या अक्षाभोवती फिरतो, उभा सरकला की आडव्या अक्षाभोवती, आणि दर पिक्सेलला अर्धा अंश असे प्रमाण आहे. प्रत्येक छोट्या हालचालीचे रोटेशन आधीच्या स्थितीवर चढवले जाते. पाचपन्नास ओळींत काम होते, म्हणून ही पद्धत जिथे तिथे आढळते.

तिच्यातला दोष सरळ रेषेत ओढताना कळत नाही, चौकोन काढला की लगेच कळतो. माउस ६० पिक्सेल उजवीकडे, ६० वर, ६० डावीकडे आणि ६० खाली नेला, म्हणजे कर्सर निघाला तिथेच परत आला. जॉब मात्र जागेवर येत नाही. तो पडद्याच्या समोरासमोरच्या, म्हणजे पडद्यातून थेट आपल्याकडे येणाऱ्या, अक्षाभोवती सुमारे १५ अंश कललेला राहतो. रोटेशनांचा क्रम बदलला की उत्तर बदलते, या गणिती गुणधर्माचा हा रोखठोक परिणाम आहे. शिवाय हात घड्याळाच्या उलट दिशेने फिरला असेल, तर जॉब घड्याळाच्या दिशेने कलतो.

तपासणी विभागातील ज्येष्ठ सहकारी, ज्यांना सगळे काका म्हणतात, त्यांच्याशी आज फोनवर बोलणे झाले. त्यांनी याच दोषाचे वर्णन एका वाक्यात केले: “अहो साहेब, माउस होता तिथे परत आणला, मग जॉब तिरका का राहतो?” प्रकल्पाची कसोटी म्हणून हे वाक्य जसेच्या तसे लिहून ठेवले आहे.

११ ऑगस्ट

फिरत्या टेबलाची पद्धत लावून पाहिली. हिच्यात जॉबचा उभा अक्ष कायम उभा राहतो. आडवे ओढले की जॉब त्या अक्षाभोवती फिरतो, उभे ओढले की पाहणारा वर किंवा खाली जातो. ब्लेंडर या त्रिमितीय सॉफ्टवेअरमध्ये मूळ मांडणी हीच असते, आणि वेबवर थ्री डॉट जेएस ही लायब्ररी वापरणारे बहुतेक जण तिच्यातील ऑर्बिट कंट्रोल्स घेतात, तेही याच जातीचे आहे. दोन कोनांची फक्त बेरीज-वजाबाकी होत असल्याने माउस परत आणला की जॉबही परत येतो. काकांची कसोटी येथे पुरी होते, आणि लोकांना ही पद्धत चटकन आपलीशी वाटते त्याचे कारणही बहुधा हेच असावे.

खोट वेगळ्या ठिकाणी आहे. जॉब थेट वरून पाहत असताना आडवे ओढले, तर तो पडद्यावर चकतीसारखा गरगर फिरतो, आणि त्यापलीकडे डोके खाली करून जाता येत नाही, कारण तिथे कोनाला मर्यादा घातलेली असते. मर्यादा काढून टाकली तर जॉब उलटा झाल्यावर आडव्या ओढण्याची दिशा उलटी वाटू लागते. इमारत, मोटार किंवा मूर्ती पाहायची असेल तर हे चालून जाईल. त्यांना वर आणि खाली असते. बाकावर आलेल्या केसिंगला ते नसते. तपासनीस ते पालथे घालतो, कुशीवर टाकतो, भोकात टॉर्च मारतो. ड्रेन प्लगचे तिरपे भोक बरोबर समोर, गोल दिसेल असे आणायचे आणि त्याच वेळी फ्लँजची कड आडवी ठेवायची, हे या पद्धतीत जमतच नाही, कारण समोरासमोरच्या अक्षाभोवती फिरवण्याची सोयच तिच्यात नाही.

पद्धत टाकून दिलेली नाही. मशीनच्या टेबलावर जॉब कसा बसेल हे पाहायला तीच योग्य आहे. पण मूळ पद्धत म्हणून ती चालणार नाही.

१४ ऑगस्ट

काल्पनिक गोलाची पद्धत. पडद्यावर एक अदृश्य काचेचा गोल आहे आणि जॉब त्याच्या आत बसवला आहे, असे धरायचे. कर्सर गोलाच्या ज्या बिंदूवर आहे तो बिंदू पकडायचा आणि ओढायचा. मध्याजवळ ओढले की जॉब पुढेमागे, डावीउजवीकडे वळतो. परिघावरून फिरवले की पडद्याच्या पातळीतच फिरतो. म्हणजे तिसरा आकडा कर्सर कुठे आहे यातून मिळतो.

चेन, माउंटफर्ड आणि सेलेन या संशोधकांनी १९८८ साली माउसने फिरवण्याच्या चार पद्धती माणसांकडून करवून तपासल्या, त्यांत सरकपट्ट्यांसोबत असा काल्पनिक गोलही होता. एकाच अक्षाभोवतीच्या साध्या फेऱ्यांना सरकपट्ट्या पुरतात आणि तिरप्या, मिश्र फेऱ्यांना गोलासारखी पद्धत सरस ठरते, असा त्यांच्या निष्कर्षाचा रोख आहे. आपले तिरपे भोक दुसऱ्या प्रकारात मोडते.

गणित सोपे आहे. पट, म्हणजे पडद्यावर चित्र रंगते ती चौकट, ८०० पिक्सेल उंच असेल तर गोलाची त्रिज्या ४०० धरली. कर्सरचे मध्यापासूनचे आडवे आणि उभे अंतर त्रिज्येने भागायचे, आणि त्या दोघांच्या वर्गांची बेरीज एकातून वजा करून वर्गमूळ काढले की गोलावरच्या त्या बिंदूची खोली मिळते. येथे दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. ब्राउझरमध्ये उभे अंतर वरून खाली वाढत जाते, ते उलटे करून घ्यायचे. आणि पट चौरस नसल्याने दोन्ही अंतरे एकाच संख्येने भागायची, नाहीतर गोलाचा अंडाकार होतो आणि तिरके ओढताना जॉब भलतीकडे जातो.

पहिल्या मांडणीत प्रत्येक छोट्या हालचालीनुसार जॉब तेवढ्याच कोनातून फिरवला. पकडलेला बिंदू कर्सरखालून हलत नाही, हे पाहताना फार समाधान वाटते. पण काकांची कसोटी लावली. मध्याभोवती १०० पिक्सेल त्रिज्येचे एक वर्तुळ काढून कर्सर परत आणला, तर जॉब ११ अंशांहून थोडा अधिक कललेला सापडतो, आणि या वेळी हाताच्याच दिशेने. कर्सरने गोलावर जेवढे क्षेत्र वेढले, तेवढा हा कल असतो: मध्यावरून उजव्या कडेला, कडेवरून फिरून माथ्याला आणि माथ्यावरून परत मध्याला आणले, तर गोलाचा आठवा भाग वेढला जातो आणि जॉब बरोबर ९० अंश फिरतो. काही सरावलेले लोक याचाच उपयोग करून छोटी वर्तुळे काढत वस्तू सरळ करून घेतात. कारखान्यातल्या माणसाला ही कसरत शिकवण्यात अर्थ नाही.

१९ ऑगस्ट

आजची नोंद लांबणार आहे, कारण प्रकल्पातला खरा निर्णय आज झाला.

केन शूमेक यांनी १९९२ साली आर्कबॉल नावाची पद्धत मांडली. गोल तोच, बिंदूही तेच. फरक एकच, की कर्सरने गोलावर जेवढा कोन कापला त्याच्या दुप्पट कोनातून वस्तू फिरवायची. पहिल्यांदा ऐकताना हे मनमानी वाटते. दुप्पटच का, दीडपट का नाही? उत्तर क्वाटर्नियनमध्ये आहे.

गणितज्ञ हॅमिल्टन यांना १६ ऑक्टोबर १८४३ रोजी डब्लिनमध्ये सुचलेली ही चार आकड्यांची संख्या आज रोटेशन साठवण्यासाठी सर्रास वापरली जाते. तिच्यात कोनाऐवजी अर्ध्या कोनाचे कोसाइन आणि साइन बसलेले असतात. आता गोलावरचे दोन बिंदू घ्या: जिथे बटण दाबले तो आणि आता कर्सर आहे तो. दोघांच्या एकक सदिशांचा (गोलाच्या मध्यापासून त्या बिंदूंकडे जाणाऱ्या, एक लांबीच्या बाणांचा) अदिश गुणाकार हा क्वाटर्नियनचा पहिला आकडा आणि सदिश गुणाकार हे उरलेले तीन. एवढेच. कुठेही साइन-कोसाइनचे फलन बोलवावे लागत नाही, भागाकार नाही, दोन बिंदू एकाच ठिकाणी असले तर काय करायचे याची वेगळी सोय नाही. मात्र क्वाटर्नियनमध्ये अर्धा कोन अभिप्रेत असतो आणि आपण पूर्ण कोन भरला, म्हणून प्रत्यक्षातला फेरा आपोआप दुप्पट होतो.

या दुपटीचा खरा लाभ जोडताना दिसतो. पहिल्या बिंदूपासून दुसऱ्यापर्यंतचे रोटेशन आणि दुसऱ्यापासून तिसऱ्यापर्यंतचे रोटेशन यांचा गुणाकार केला, तर मधला बिंदू एकदा स्वतः आणि एकदा आपल्या व्यस्ताच्या रूपाने येतो आणि दोघे एकमेकांना खाऊन टाकतात; उरते ते पहिल्यापासून थेट तिसऱ्यापर्यंतचे रोटेशन. म्हणजे कर्सर कुठल्या वाटेने गेला याला महत्त्वच राहत नाही. चौकोन काढा, वर्तुळ काढा, मध्येच बटण सोडून तिथेच पुन्हा दाबा. कर्सर निघाल्या जागी आला की जॉब निघाल्या स्थितीत येतो. एकपट कोनाच्या मांडणीत हे आडाखे जुळत नाहीत, दीडपटीतही नाहीत.

याचा एक व्यावहारिक फायदा सहसा कोणी सांगत नाही. साधा यूएसबी माउस सेकंदाला १२५ वेळा आपली जागा कळवतो, पडदा सेकंदाला ६० वेळा रंगतो, आणि स्टोअरमधला जुना संगणक मध्येच अडखळला तर काही नोंदी एकत्र होऊन येतात. वाटेवर अवलंबून असलेल्या पद्धतीत वाट जितकी ढोबळ कळेल तितके उत्तर वेगळे येते, म्हणजे एकच हालचाल दोन संगणकांवर दोन ठिकाणी नेऊन सोडते. आर्कबॉलमध्ये शेवटची नोंद बरोबर असली की झाले.

आणखी एक गोष्ट. गोलाच्या मध्यापासून कडेपर्यंतचा कोन ९० अंश, त्याची दुप्पट १८०. म्हणजे मध्यावरून कडेपर्यंत ओढले की केसिंगची पाठ समोर येते, आणि एका कडेपासून समोरच्या कडेपर्यंत ओढले की पूर्ण फेरा होतो. कुठलीही स्थिती एकाच ओढीत गाठता येते, बटण पुन्हा पुन्हा दाबत रांगत जावे लागत नाही.

बळी जातो तो बिंदूच्या चिकटण्याचा. पकडलेली जागा कर्सरखाली राहत नाही, ती दुप्पट वेगाने पुढे निघून जाते. १४ तारखेला जे पाहून समाधान वाटले होते तेच येथे सोडावे लागते. माझ्या मते हा सौदा फायद्याचा आहे, पण माझ्या मतापेक्षा बाकावरच्या माणसाचे मत महत्त्वाचे, म्हणून ते चाचणीपर्यंत राखून ठेवले.

क्वाटर्नियनच्या बाजूने नेहमी दिला जाणारा दुसरा मुद्दा, म्हणजे मॅट्रिक्स वारंवार गुणल्याने चुका साचून वस्तू वाकडी होते हा, आपल्याला फारसा लागू नाही. जावास्क्रिप्टची संख्या ६४ बिटांची असते आणि तिच्यात १५ आकड्यांपर्यंत अचूकता मिळते; दिवसभर जॉब फिरवत बसले तरी ती चूक डोळ्यांना दिसणार नाही. तरीही प्रत्येक ओढीच्या शेवटी चार आकडे एकक लांबीचे करून घेण्याची एक ओळ घातली आहे. ती फुकट आहे.

२२ ऑगस्ट

कडेचा प्रश्न. शूमेक यांच्या मूळ मांडणीत कर्सर गोलाबाहेर गेला की तो परिघावर आणून बसवला जातो, आणि तिथून पुढे जॉब फक्त पडद्याच्या पातळीत फिरतो. तत्त्वतः हे ठीक आहे, पण कडेला पोहोचता पोहोचता गोल इतका उभा उतरतो की वेग हाताबाहेर जातो. ४०० पिक्सेलांच्या त्रिज्येत मध्यावर एक पिक्सेल ओढले तर जॉब ०.२९ अंश फिरतो. कडेच्या अगदी शेवटच्या पिक्सेलला तोच ८ अंशांहून अधिक उडी मारतो. फ्लँजच्या कडेवर बटण दाबून हळूच ओढणाऱ्याला हा निव्वळ बिघाड वाटेल, आणि त्याचे चुकणारही नाही.

गॅव्हिन बेल या प्रोग्रामरची युक्ती येथे कामी आली. गोल त्रिज्येच्या सुमारे ०.७१ पटीपर्यंतच वापरायचा, आणि त्यापुढे त्याला बाहेर पसरत जाणारा अपास्ताचा उतार जोडायचा, ज्याची खोली म्हणजे त्रिज्येच्या वर्गाला अंतराच्या दुपटीने भागून येणारी संख्या. ज्या वर्तुळावर दोन्ही पृष्ठभाग भेटतात तिथे त्यांची उंचीही एक येते आणि उतारही एक, त्यामुळे सांधा हाताला लागत नाही. आता वेग कुठेच पिक्सेलमागे ०.४१ अंशाच्या वर जात नाही, आणि जिथे पूर्वी कडा होती तिथे तो ०.२३ अंशावर असतो.

बेल यांच्या पृष्ठभागासोबत साधारणपणे एकपट कोन वापरला जातो. पण वाटेपासून मिळणारी मुक्तता दुपटीतून येते, पृष्ठभागाच्या आकाराशी तिचा संबंध नाही. पडद्यावरच्या प्रत्येक बिंदूला एक ठरलेला एकक सदिश दिला की पुरे. म्हणून पृष्ठभाग बेल यांचा आणि दुप्पट शूमेक यांची, अशी मोट बांधली. किंमत एवढीच, की निव्वळ पडद्याच्या पातळीतला फेरा आता कडेवरही पूर्ण शुद्ध मिळत नाही, त्यात किंचित कल मिसळतो. त्याची सोय वेगळी करावी लागेल.

२५ ऑगस्ट

किरकोळ कामे. ओढता ओढता कर्सर पटाबाहेर गेला तर बटण सोडल्याची बातमी येत नव्हती आणि जॉब कर्सरला चिकटून राहत होता. पॉइंटर पकडून ठेवण्याची ब्राउझरची सोय वापरल्यावर हे थांबले. डिझाइन विभागाला सॉलिडवर्क्स या कॅड सॉफ्टवेअरमुळे मधल्या बटणाने फिरवण्याची सवय आहे, म्हणून डावे आणि मधले अशी दोन्ही बटणे चालतील. विंडोजवर मधले बटण दाबले की ब्राउझर पान सरकवायला लागतो. बटण दाबल्याच्या क्षणीच ती मूळ क्रिया रोखली. सोडल्यानंतर गरगर फिरत राहण्याचा दिखाऊपणा घातलेला नाही. तपासणीच्या कामात जॉब सोडला की थांबला पाहिजे.

१ सप्टेंबर

फिरण्याचा मध्य कुठे ठेवायचा, यावर अपेक्षेहून जास्त वेळ गेला. संपूर्ण जॉब दिसत असताना त्याला वेढणाऱ्या चौकटीचा मध्य पुरतो. पण ड्रेन प्लगच्या भोकावर झूम करून थोडेसे फिरवले, की भोक पडद्याबाहेर निघून जाते, कारण ते मध्यापासून दूर आहे आणि मोठ्या वर्तुळात फिरते. मग सरकवा, पुन्हा फिरवा, पुन्हा सरकवा.

उपाय म्हणून बटण दाबल्याच्या क्षणी कर्सरखालून सरळ आत एक किरण सोडला जातो आणि तो ज्या त्रिकोणाला पहिल्यांदा लागतो, तो बिंदू त्या ओढीपुरता मध्य होतो. किरण मोकळ्या जागेतून आरपार गेला तर आधीचाच मध्य कायम राहतो. गोल मात्र पडद्याच्या मध्यावरच ठेवला आहे. तोही कर्सरखाली आणला तर प्रत्येक ओढीत कर्सर गोलाच्या मध्यावरूनच सुरू होईल आणि कडेने फिरवण्याची सोय संपेल. मध्य बदलताना चित्र तसूभरही हलता कामा नये, म्हणून नवा मध्य घेताना सरकवण्याचा आकडा त्याच हिशेबाने भरून काढला जातो.

याच ओघात समांतर प्रक्षेप कायम केला. दूरचे लहान दाखवणारे चित्र, म्हणजे यथार्थदर्शन, दिसायला छान असते, पण भोक बरोबर समोर आले की नाही हे समांतर प्रक्षेपातच कळते: अक्ष नेमका जुळला की भोकाची आतली भिंत पूर्ण नाहीशी होते आणि फक्त स्वच्छ वर्तुळ उरते. यथार्थदर्शनात भिंत थोडी दिसतच राहते आणि तपासनीस उगाच जॉब हलवत बसतो.

४ सप्टेंबर

प्रकाश. जॉब फिरवणे आणि जॉबभोवती कॅमेरा फिरवणे गणिताला सारखेच. दिव्याला मात्र नाही. जुन्या दर्शकात दिवा जॉबलाच बांधलेला होता, त्यामुळे केसिंग पालथे केले की प्रकाश खालून येई आणि बॉस (पृष्ठभागावरचा उंचवटा) खड्ड्यासारखा, खड्डा बॉससारखा दिसे. प्रकाश वरून येतो असे डोळा गृहीत धरतो, त्याला इलाज नाही. फाउंड्रीकडून याबाबत पूर्वी एकदा विचारणाही झाली होती. आता दिवा पाहणाऱ्याच्या डाव्या खांद्यामागून, थोडा वरून येतो आणि जॉब कसाही फिरला तरी तिथेच राहतो.

९ सप्टेंबर

ठरीव दृश्यांची सहा बटणे बसवली: समोरून, मागून, डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून. आपल्याकडची ड्रॉइंग पहिल्या कोनाच्या प्रक्षेपात असतात, ज्यात वरचे दृश्य समोरच्या दृश्याच्या खाली आणि उजवीकडचे दृश्य डावीकडे काढतात. बटणांची मांडणीही तशीच ठेवली, म्हणजे हातातला कागद आणि पडदा जुळतात. अमेरिकी ड्रॉइंगची सवय असलेल्यांसाठी तिसऱ्या कोनाची मांडणी सेटिंगमध्ये आहे.

बटण दाबल्यावर जॉब एकदम उडी मारून नव्या स्थितीत गेला तर आधीचे भोक कुठे गेले ते कळत नाही, म्हणून ३०० मिलिसेकंदांत तो फिरत जातो. दोन क्वाटर्नियनांच्या मधल्या स्थिती समान वेगाने काढण्याची रीतही शूमेक यांनीच १९८५ साली संगणक चित्रणात रूढ केली. एक खाचखळगा येथे आहे: क्वाटर्नियनच्या चारही आकड्यांची चिन्हे उलटी केली तरी रोटेशन तेच राहते, त्यामुळे दोन क्वाटर्नियनांचा अदिश गुणाकार ऋण आला तर एकाचे चिन्ह उलटे करून घ्यावे लागते, नाहीतर जॉब ९० अंशांसाठी २७० अंशांचा वळसा घालून येतो.

१५ सप्टेंबर

गरवारे पॉइंटवरून आत जाऊन कारखान्यात चाचणी घेतली. काकांना काहीही न सांगता केसिंग उघडून दिले. त्यांनी आधी कर्सर गोल गोल फिरवून परत आणला, जॉब जागेवर आला हे पाहून मान हलवली, आणि मग थेट ड्रेन प्लगकडे वळले. पकडलेला बिंदू कर्सरच्या पुढे पळतो, हे त्यांच्या लक्षातही आले नाही, कारण त्यांची नजर कर्सरवर नव्हतीच, ती भोकावर होती. मुद्दाम विचारल्यावर ते म्हणाले, “पळू द्या की, परत येतोय ना!”

डिझाइन विभागातील तरुण सहकाऱ्याला मात्र ते पहिल्याच ओढीत जाणवले. त्याच्या मते टेबलाची पद्धतच बरी, कारण त्याला फिक्श्चर (जॉब मशीनवर पकडून ठेवणारी चौकट) आखायचे असते आणि त्याच्या डोक्यात जॉब सतत मशीनवर बसलेला असतो. दोघांचेही म्हणणे खरे आहे. वाद पद्धतींचा नसून जॉब कुठे आहे असे माणूस समजतो त्याचा आहे. म्हणून दर्शकात ‘हातात’ आणि ‘टेबलावर’ अशी दोन बटणे ठेवली. उघडताना पहिले चालू असेल, आणि निवड त्या त्या संगणकावर लक्षात ठेवली जाईल.

पडद्याच्या पातळीतल्या शुद्ध फेऱ्याची मागणी अपेक्षेप्रमाणे आलीच: भोक समोर आणल्यावर फ्लँज सरळ करायची होती. शूमेक यांच्या मांडणीत अक्ष बांधून घेण्याची सोय आहे, ती आता घेत आहे. शिफ्ट दाबून ओढले की पडद्याचा समोरासमोरचा अक्ष आणि जॉबचे तीन अक्ष यांपैकी ओढीच्या दिशेला सर्वांत जवळचा निवडला जाईल, आणि कर्सरचे दोन्ही बिंदू त्या अक्षाला लंब असलेल्या पातळीत आणून मगच गुणाकार होईल. निवडलेला अक्ष पिवळ्या रेषेने दिसेल. इंपेलरच्या (पंपातल्या फिरत्या चाकाच्या) बोअरचा, म्हणजे भोकाचा, अक्ष जॉबच्या झेड अक्षाशीच जुळवलेला असल्याने सर्वांत जास्त लागणारा फेरा यात फुकट मिळतो.

१८ सप्टेंबर

अक्ष बांधण्याचा भाग पूर्ण करून कारखान्याच्या सर्व्हरवर चढवला आणि जुन्या दर्शकाचा दुवा काढून टाकला. टॅब्लेटसाठीचे काम पुढच्या टप्प्यात ढकलले आहे. तिथे बोट प्रत्यक्ष जॉबवर टेकलेले असते, नजरही बोटावरच असते, त्यामुळे दुपटीने पळणारा बिंदू खटकण्याची शक्यता जास्त आहे. आणि दोन बोटे मिळत असल्याने तिसरा आकडा पिळण्यातून वेगळा काढता येईल, म्हणजे सगळाच हिशेब नव्याने मांडावा लागेल.

संगणकांशेजारी लावायला मराठीत एक पानी सूचनापत्र दिले आहे. त्यात मजकूर इतकाच: डावे किंवा मधले बटण दाबून ओढा, जो भाग पाहायचा आहे त्यावरच बटण दाबा, सरळ करायचे असेल तर शिफ्ट दाबून कडेने ओढा, हरवलात तर ‘समोरून’ दाबा.